पाळण्यात न बसलेल्या माणसाचा मग

मी एक जुना, पोचा पडलेला जर्मनचा मग आहे. अ‍ॅल्युमिनियमला आमच्याकडे जर्मन म्हणतात; त्या देशाचा यात काही दोष नाही. माझा जन्म मात्र सरहद्दीपलीकडचा, त्यामुळे देशभक्तीचा दाखला माझ्याकडे नाही. मित्रांनो, तरीही ऐका.

एकाहत्तरच्या लढाईत देवळीजवळच्या एका गावचा शिपाई तानबा पकडला गेला आणि युद्धकैद्यांच्या छावणीत मी त्याच्या वाट्याला आलो. डाळ माझ्यात, चहा माझ्यात, दाढीचं पाणीही माझ्यातच. चौकशीला बसवलं की तानबा नाव, हुद्दा आणि नंबर सांगे. त्यापुढे विचारलं की पुन्हा नाव, हुद्दा आणि नंबर. एकदा साहेब चिडला आणि त्याने मला बुटाने उडवलं. माझ्या पोटावरचा पोचा तेव्हाचा. तानबाने मला उचललं, पुसलं आणि पुन्हा नाव सांगितलं.

इकडे घरी तो बेपत्ता असल्याची तार आली होती. गावाने थोडी वाट पाहिली, मग कंटाळून त्याला मेला ठरवलं. प्रेत नव्हतं, म्हणून गवताचा पुतळा केला. चुलतभाऊ पुंडलिकने त्याला आग दिली, तेराव्या दिवशी तेरवी झाली, गाव बुंदी खाऊन गेलं. त्याची बायको आनंदाबाई, तिचं कुंकू पुसलं गेलं.

सुटका झाल्यावर तानबा मला पिशवीत घालून दारात उभा राहिला. आनंदाबाईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, आत गेली आणि कुंकू लावूनच बाहेर आली. कोणाला विचारलं नाही.

"वाळले," ती म्हणाली. "जेवले काय?"

संध्याकाळी गावातली जाणती मंडळी आली. ज्याची तेरवी झाली तो परत आला तर त्याला पाळण्यात घालून बारसं करायचं, बायकोशी पुन्हा लग्न लावायचं, मगच तो जिवंत, अशी रीत त्यांनी सांगितली. पुंडलिकने देवळात पाळणा बांधूनही ठेवला होता. सहा फुटी माणसासाठी दोर जाड घेतले होते, एवढी काळजी त्याने घेतली.

"मी मेलोच नाई, तं जन्मू कायले?" तानबा म्हणाला.

"लेका, तुह्या पुतळ्याले म्या आग देल्ली. आता गावाले खोटं पाडतं काय?"

"आग तू गवताले देल्ली, पुंडलिक. मले नाई."

"पाच मिनिटं बस पाळन्यात. कबूल करून टाक, मोकळा हो."

"तिकडं बी हेच सांगत होते, कबूल कर, मोकळा हो. तिथं नाई केलं. इथं मेलो म्हनून कबूल करू?"

तेव्हापासून गावाने त्याचं पाणी टाळलं. पंधरा ऑगस्टला त्याला मंचावर बसवत, शाल देत, नारळ देत. पाण्याचा पेला मात्र त्याच्यापुढे ठेवत नसत. झेंड्याखाली तो जिवंत असे आणि पंगतीत मेलेला. मग तो पिशवीतून मला काढी, शाळेच्या नळावर भरी आणि सगळ्यांसमोर सावकाश पाणी पिई. घाई त्याने कधी केली नाही.

पुढे जाणती मंडळी एकेक करून गेली. नव्या पोरांना पाळण्याचं काही पडलं नव्हतं; ती त्याला लग्नाला बोलवत. तो जाई, मला घेऊनच. पुंडलिकराव तेवढे हटले नाहीत. धुऱ्याला धुरा, म्हणजे बांधाला बांध लागून शेत, पण दोघांनी एकमेकांचं पाणी चाखलं नाही.

गेल्या हिवाळ्यात तानबाने आपल्या खाटेवर प्राण सोडला. तेरवीची बोलणी करायला पुंडलिकराव काठी टेकत आले.

"ह्यायची तेरवी तवाच झाली," आनंदाबाई म्हणाली. "तुमीच तं केली. बुंदी चांगली होती म्हंतात."

तरीही तेराव्या दिवशी गाव जमलंच. अंगण भरलं. चूल पेटलेली नव्हती. आनंदाबाईने मला माठातल्या पाण्याने भरलं आणि पुंडलिकरावांपुढे धरलं.

"जेवन नाई. पानी हाय, ह्यायच्या मगातलं. जो पिईन त्यानं बसावं. बाकीच्यायनं घरी जावं."

मी काठोकाठ भरलो होतो, पण थेंब सांडला नाही. पुंडलिकरावांनी काठी भिंतीला टेकवली. त्यांनी मला घेतलं. अंगठा नेमका पोच्यावर पडला. त्यांनी घोटाघोटाने सगळं पाणी संपवलं आणि मिशा पुसल्या.

"तानबा मेला," ते म्हणाले. मग गावाकडे वळून जरा मोठ्याने म्हणाले, "आत्ता मेला. तवा नाई."

आणि खाली बसले. त्यांच्यामागे अंगणभर माणसं बसली. त्या दिवशी मी हातोहात फिरलो.

मित्रांनो, हल्ली मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणतात. ठेवू नका. पोचा ठोकून सरळ करायचं म्हणतात. तेही नको, तो माझा हुद्दा आहे. मला माठावर ठेवा, रोज घासा आणि येईल त्याला पाणी द्या. तो जिवंत आहे की नाही, हे गावाला विचारू नका. त्यालाच विचारा.