बास्केटखालच्या दोघी

शिडीने गुडघ्याची पट्टी सोडली आणि पुन्हा घट्ट आवळून बांधली. आज बाकड्यावरच बसायचं होतं, तरीही.

मैदानात तिच्या संघाच्या पाच ठेंगण्या पोरी भिंगरीसारख्या पळत होत्या. सगळ्या एकाच रुग्णालयातल्या. शिडी तिथल्या औषधांच्या कोठारात कामाला. वरच्या फळीवरचं खोकं काढायचं असलं की अख्खं रुग्णालय या उंच बाईला 'शिडी' म्हणूनच हाक मारायचं. संघाचंही इतकी वर्षं तेच होतं. चेंडू वर गेला की शिडीला हाक.

"उंचीचे दिवस गेले गं," प्रशिक्षक मॅडम सकाळीच म्हणाल्या होत्या. त्या बोलायला रोखठोक. "आता सगळा खेळ पळण्याचा आणि लांबून टाकण्याचा. वर्षभर सांगतेय, बास्केटखालून बाहेर ये. तू आपली तिथेच खुंटा मारल्यासारखी. पुढच्या वर्षी तुला घेता येईलसं वाटत नाही."

"मी बास्केटखालचीच, मॅडम."

"मग आज बस."

म्हणजे आज अंतिम सामन्यात जे काही खेळायला मिळेल, तेच शेवटचं.

समोरच्या बँकेच्या संघाने मात्र आपली ताडमाड बाई अजून बास्केटखाली उभी ठेवली होती. तिला सगळे भिंत म्हणायचे. शिडी शेवटी भिंतीलाच टेकणार, हा प्रेक्षकांचा दरवर्षीचा विनोद. दोघींनी आजवर एकमेकींना भरपूर कोपरं मारली होती, पाण्यात पाहिलं होतं. गोड शब्द सोडाच, साधा शब्दही कधी बोलल्या नव्हत्या.

भिंतीने शिडीच्या संघातल्या सगळ्यात ठेंगण्या पोरीच्या, चिमणीच्या, डोक्यावरून चेंडू उचलला आणि आरामात आत टाकला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. आपल्या संघाची आघाडी आटताना बघून शिडीला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. पण भिंत मैदानात टिकली तरच मॅडम शिडीला उठवणार होत्या. शिडी चक्क बँकेसाठी देव पाण्यात घालून बसली होती.

"ऊठ," मॅडम म्हणाल्या. "ती काही ऐकत नाही. अडव तिला."

शिडी आत जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिली. नेहमीचा धक्का बसला. मग पहिल्यांदाच कानाशी आवाज आला.

"आलीस ते बरं झालं. तुमच्या त्या पोरींमागे पळावं लागलं असतं, तर मलाही बसवलं असतं."

शिडीला हसू आलं. मग दोघींनी मनसोक्त ढकलाढकली केली. गुण बरोबरीत आले आणि तिथेच अडकले. चिमणी आत घुसायला बघायची आणि हात हलवत परत फिरायची.

"ताई, आत जागाच नाही गं!"

जागा कुणी अडवली होती ते शिडीला दिसत होतं. अर्धी भिंतीने, अर्धी तिने. असंच चाललं असतं तर शेवटच्या शिट्टीपर्यंत दोघी मैदानात राहिल्या असत्या. सामना कुणीही जिंकलं असतं.

तिने एक मोठा श्वास घेतला आणि चालत बाहेरच्या रेषेपलीकडे गेली. भिंत जागची हलली नाही. शिडी लांबून टाकेल यावर कोण विश्वास ठेवणार? गेला महिनाभर सराव संपून सगळ्या घरी गेल्यावर शिडी तिथूनच टाकून बघत होती, हे मॅडमनाही माहीत नव्हतं. चिमणीने चेंडू दिला. शिडीने टाकला. कड्याला न लागता आत.

पुढच्या वेळी भिंतीला तिच्यामागे बाहेर यावंच लागलं, जड पायांनी. आतली जागा मोकळी झाली आणि चिमणी त्यातून सुळकन गेली. पुन्हा एकदा गेली. बँकेच्या प्रशिक्षकांनी हात टेकले, खेळ थांबवला आणि भिंतीला बोलावून एक चपळ पोरगी पाठवली.

अडवायला भिंतच उरली नव्हती; आता काय होणार हे शिडीला ठाऊक होतं.

"तूही ये गं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिच्या हातात टॉवेल दिला. "कधी शिकलीस?"

"असंच," शिडी म्हणाली.

ती बाकड्याच्या अगदी टोकाला जाऊन बसली. मध्ये गुण मांडणाऱ्यांचं टेबल, त्यापलीकडे बँकेचं बाकडं आणि त्याच्या या टोकाला भिंत. मैदानात दहा ठेंगण्या पोरी धावत होत्या. चिमणीने आणखी एक टाकला तेव्हा सगळ्यांबरोबर शिडीनेही टाळ्या वाजवल्या. मग खाली वाकून ती पट्टी सोडू लागली.

"गुडघा?" भिंतीने टेबलापलीकडून विचारलं.

"डावा. तुझा?"

"दोन्ही."