सरूबाईंची तब्येत

सरूबाईंना कुणी "बऱ्या आहात ना?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुठलं बरं!" मग गुडघे, कंबर, घसा यांतल्या ज्याची पाळी असेल ते दुखायला लागायचं. 'बरी आहे' म्हटलं की दृष्ट लागते, ही त्यांची पक्की समजूत. मुंबईजवळ हाटकेशच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी मनावर घेत नसे. पण जहाजावरच्या नर्सला हे कोण सांगणार?

त्यांच्या नवऱ्यानं, बाबाजींनी, तिथल्याच केबिन रोडवरच्या दुकानातून फ्रिज घेतला आणि दुकानाच्या सोडतीत दोघांना लक्षद्वीपची जहाजाची सफर लागली. परतीच्या वाटेवर गोवा होता, म्हणून तर ते निघाले. साल २००९, स्वाईन फ्लूचं. मुंबईकडे साथ आहे म्हणून त्यांच्या लेकीच्या, मिनलच्या, गोव्यातल्या सासरच्यांनी तिला पहिल्या बाळंतपणालाही माहेरी धाडलं नव्हतं, आणि या दोघांनाही वास्कोला येऊ दिलं नव्हतं. सान्वी तीन महिन्यांची झाली तरी आजीनं नातीचं तोंड पाहिलं नव्हतं. आता जहाज गोव्याला लागलं की मिनल तिला घेऊन बंदरावर येणार होती. सरूबाईंनी जुन्या मऊ लुगड्याची दुपटी शिवून बरोबर घेतली होती.

जहाजावर मात्र नियमांनी नुसता उच्छाद मांडला होता. सकाळी हाताला जेल चोळलं की जेवायला सोडत. दुपारी मास्क सक्तीचा झाला. संध्याकाळी कप्तानाबरोबर फोटो होता, तेव्हा मास्क काढा म्हणाले. पोहण्याचा हौद गर्दी होते म्हणून बंद, आणि जुगाराच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही!

"अरे, आधी तुमचं काय ते एक ठरवा!" बाबाजी स्पीकरकडे बघून ओरडले. स्पीकर पुढचा फतवा सांगत राहिला.

गोव्याच्या आदल्या दिवशी नर्स दारोदार चौकशी करत आली. "माताजी, तबियत ठीक है?"

"कहाँ का ठीक!" सरूबाई सवयीनं म्हणाल्या. "गला धरा है, अंग भी मोडके आया है."

बाबाजींनी कपाळावर हात मारून घेतला. थर्मामीटरमध्ये ताप नव्हता, तरी दोघांना केबिनमध्ये कोंडलं. चोवीस तासांनी बरं वाटलं तर गोव्याला उतरू देऊ, म्हणाले.

"तुझ्या जिभेला काही हाड? चांगली धडधाकट बाई तू! उद्या नर्स आली की फक्त 'बरी आहे' म्हण."

"नातीला बघायला चाललेय आणि नेमकं तेव्हाच असलं बोलू?"

"नाही बोललीस तर बघायलाच मिळणार नाही!"

दुसऱ्या दिवशी जहाज धक्क्याला लागलं आणि नर्स आली. सरूबाईंनी पदर घट्ट धरला, डोळे मिटले. "मैं अच्छी है. एकदम अच्छी."

"व्हेरी गुड," नर्स हसली. "लेकिन आज सुबह से रूल बदल गया, माताजी. अब अडतालीस घंटे."

"रोग काय रातोरात दुप्पट झाला?" बाबाजी ओरडले. नर्स बिचारी दार लावून निघून गेली.

सरूबाई खाटेवर बसल्या. "बघा. बरी म्हटलं आणि लागली ना दृष्ट?"

उभ्या संसारात बाबाजींनी या खुळाची टिंगल केली होती. आज ते नुसते तिच्या शेजारी टेकले.

तेवढ्यात मिनलचा फोन आला. "बाबा, कुठे आहात? आम्ही कधीचे गेटवर थांबलोय. आई ठीक आहे ना?"

सरूबाईंनी बाबाजींच्या हातातून फोन ओढून घेतला.

"बरी आहे गं मी. हे लोक सोडत नाहीयेत, बाकी काही नाही. तिला उन्हात उभी ठेवू नकोस, घरी ने. जरा फोन तिच्या तोंडाशी धर."

पलीकडे सान्वी खणखणीत रडत होती. सरूबाई फोन कानाशी दाबून ऐकत राहिल्या. हसत होत्या, आणि डोळ्यांना धार लागली होती.

फोन बंद झाला. बाबाजी उठले. नाश्त्याच्या ट्रेमधल्या मिठाच्या पुड्या त्यांनी दातांनी फोडल्या, मीठ मुठीत घेतलं आणि बायकोवरून ओवाळायला लागले.

"अहो, हे काय? माझी कशाला काढताय?"

"गप बस," ते खेकसले. "आज दोनदा बरी म्हणालीस."