दारावरचं संशोधन

आमच्या ह्यांना मी हजारदा सांगितलं, "अहो, उज्जैनात राहतो आपण. पाटी हिंदीवाले वाचणार!" पण ऐकतील तर ते श्रीकांत पागे कसले? लेक समुद्रविज्ञानात डॉक्टर झाली आणि लगेच नानाखेड्यातल्या आमच्या दारावर पितळी पाटी लागली: 'डॉ. मुक्ता पागे, संशोधन'. मराठी घर, मराठी पाटी, म्हणे.

आता मराठीत संशोधन म्हणजे रिसर्च, आणि हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. झालं! आधार कार्डात चुका असलेली अख्खी कॉलनी दारात. कुणाचं नाव चुकलंय, कुणाचा पत्ता. हे आपले खुशीत, "बघ शोभा, लेकीचं नाव झालं." कपाळ माझं!

मुक्ताचा जीव मात्र टांगणीला लागलेला. समुद्रकिनारच्या एका विद्यापीठात संशोधकाची जागा निघाली होती. गेल्या खेपेला 'उज्जैनची मुलगी समुद्रात काय करणार' म्हणून तिला हसून वाटेला लावलं होतं. यंदा ऑनलाइन मुलाखत होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी. मी महाकालला नवस बोलले. खरं सांगते, अर्ध्या मनानं बोलले. जागा मिळाली की पोर जाणार, हे कळत होतं ना.

मुलाखतीच्या दिवशी मी घंटीची वायर काढली आणि दारात खुर्ची टाकून बसले. म्हटलं, बघू कोण आत येतो! तर आलेच, भैरवगढचे कापडावर ठप्पे मारणारे छीपाजी.

"भाभीजी, संशोधन करवाना है. आधार में मैं अपने ही लड़के से छोटा हो गया!"

"अहो, बाद में आना, अंदर इंटरव्यू चल रहा है," मी म्हणेपर्यंत हा माणूस थेट खिडकीशी. "मैडमजी, मेरा जनम सुधार दो!"

मी म्हटलं, गेली जागा! तेवढ्यात लॅपटॉपमधून हसणं ऐकू आलं. कुणी साहेब विचारत होते, काय भानगड आहे? मुक्तानं पाटीची सगळी गोष्ट सांगून टाकली. साहेब आणखी हसले. "पण काय हो, उज्जैनला समुद्र कुठून आला?"

"दर पावसाळ्यात येतो, सर," माझी पोरगी म्हणाली. "ढगांत बसून. नाही आला तर आमच्याकडचं सोयाबीन वाळून जातं. तो हल्ली असा लहरीपणा का करतो, तेच मला शोधायचंय."

ह्यावर मात्र कुणी हसलं नाही.

जागा मिळाली. मी नारळ वाहिला, गल्लीत पेढे वाटले, आणि पोर शेवेचे डबे घेऊन गेली. पाटी काढायला ह्यांचा हात धजेना. मीही म्हटलं, राहू दे.

परवा छीपाजी मिठाई घेऊन आले. मुक्तानं त्यांना बरोबर आधार केंद्रावर धाडलं होतं, आता ते मुलापेक्षा मोठे झालेत. "मैडमजी कहाँ हैं?"

"गईं. समंदर का संशोधन करने."

त्यांनी डोळे विस्फारले. "हे राम! समंदर में क्या गलती निकल आई?"

मी हसायला गेले आणि मेलं रडूच फुटलं.

"गलती कोई नहीं, भाईसाहब," मी पदर डोळ्याला लावत म्हटलं. "बस, उज्जैन से बहुत दूर है."