कस्तुरामावशीचा लाल क्रेट

"सरकारी नियोजन सोडून बाजाराकडे वळलेले देश आणि त्यांची निर्यात" या विषयावर बोलून मी वक्तृत्वात पहिली आले, आणि तेव्हापासून मला थांबवणं अवघड झालंय. पोलंडची निर्यात कशी वाढली हे आमच्या कुरुळीतल्या इस्त्रीवाल्यालाही तोंडपाठ आहे.

त्यामुळे पप्पांना चक्क पोलंडहून ईमेल आला, तेव्हा उत्तर अर्थातच मी लिहिलं. पप्पांचं पितळी बुश, म्हणजे यंत्रात बसवायच्या छोट्या पोकळ नळ्या, बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, तीन माणसं. परदेशातली ही पहिलीच ऑर्डर मिळणार होती, पण ईमेल पाठवणाऱ्या इवोना मॅडमना आधी काम बघायचं होतं. कधी येऊ? मी लिहिलं, गुरुवारी. आमच्याकडे पाहुणे गुरुवारीच येतात, ताईला बघायलाही गुरुवारीच आले होते. पप्पाही म्हणाले, "बरोबर. त्या दिवशी निवांत असतो."

निवांत का असतो, हे दोघांनाही आठवलं नाही.

मॅडम आल्या. दारातच मी त्यांना माझं भाषण इंग्रजीत ऐकवलं. पप्पांनी ऐटीत बटण दाबलं. लेथ ढिम्म.

"पप्पा, आज सुट्टीचा वार! गुरुवारी कारखान्यांची लाईट बंद असते!"

"मग ईमेलात काय लिहिलंस, भाषणबाई?"

"निवांत कोण म्हणालं?"

हा वार कोण ठरवतं, मॅडमनी इंग्रजीत विचारलं. सरकार, मी म्हटलं. त्या खो खो हसल्या. "आणि मला वाटत होतं, नियोजन फक्त आमच्याकडे होतं!"

माझं बक्षिसाचं भाषण तिथेच गार झालं.

मग त्यांनी तयार माल मागितला. माल तपासते कस्तुरामावशी, आमच्या तीन माणसांतली एक; सुट्टी असूनही तिला घरून बोलावून आणलं. तिच्याकडे बुशच्या भोकाचं माप तपासायचं दोन टोकांचं गेज आहे. एक टोक भोकात जायला हवं, दुसरं अजिबात जाता कामा नये. मॅडमनी दहा बुश तपासले, दहाही पास. मग त्यांनी लाल क्रेटमध्ये हात घातला, आणि मावशीने त्यांचं मनगटच धरलं.

"ए बाई, न्हाई! ते नापास हाय."

पप्पा पांढरेफटक. मॅडमनी तरी एक बुश घेऊन गेज लावलं. नको असलेलं टोक जेमतेम टेकलं, जरासं आत गेलं. "एवढं चालेल की," त्या म्हणाल्या.

मी भाषांतर केलं.

"न्हाई चालायचं," मावशी म्हणाली.

"मावशी, गिऱ्हाईक हो म्हणतंय!" पप्पा कळवळले.

"गिऱ्हाईक काय बी म्हणंल. आज टोक गेलं, उद्या आख्खं गेज जाईल."

हेही मी शब्दन् शब्द सांगितलं. घाबरत.

मॅडम स्टुलावर बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांची आई सरकारी कारखान्यात स्क्रू तपासायची. तिथे सगळंच पास व्हायचं, कारण घेणारंही सरकारच. बाजार उघडला, पहिला माल जर्मनीला गेला आणि ट्रकसकट परत आला. "मग आईने लाल क्रेट आणला. तुझ्या भाषणात होता?"

नव्हता. मी सांगितले होते फक्त टक्के.

दोन हजार बुशांची ऑर्डर मिळाली. अट एकच, तपासणी कस्तुरामावशीच करणार.

मावशीने गेज पुसून खिळ्याला टांगलं. "करीन की. पर तिला सांग, गुरुवारी न्हाई."