दरेकरबाईंचा खुलासा

"सही करा, दरेकरबाई. नुसती पोच आहे," विभागप्रमुख शेखर सर म्हणाले आणि त्यांनी मेमो टेबलावरून पुढे सरकवला.

ज्योत्स्नाने तो उभ्यानेच वाचला. 'प्रयोगशाळा सहायकांच्या हलगर्जीपणामुळे काचेच्या नमुन्यांची रीडिंग सदोष आली. सात दिवसांत खुलासा सादर करावा.' हलगर्जीपणा! नाशिकच्या या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं तिने द्रव नायट्रोजन ओतला, बोटांची सालं गेली, पण एका रीडिंगला कुणी नाव ठेवलं नव्हतं. आणि आता ठेवणारे कोण, तर वर्षभरात रीडिंगच्या यंत्राकडे दोनदा फिरकलेले गृहस्थ. तिने लिहिलं, 'मिळाला. मान्य नाही.' आणि सही केली.

भानगड अशी होती. पीएचडी करणारी योगिनी काचेतल्या इलेक्ट्रॉनांचा अभ्यास करत होती. इलेक्ट्रॉनच्या स्पिनला, म्हणजे त्याच्या अंगच्या इवल्याशा चुंबकाला डिवचलं, की तो जास्तीची ऊर्जा भोवतालच्या अणूंच्या थरथरीला देऊन पुन्हा शांत होतो. गारठा वाढला की ती थरथर मंदावते, मग शांत व्हायला कितीतरी जास्त वेळ लागायला हवा, असं सरांच्या पुस्तकात होतं. काचेत तसं होईना. नायट्रोजनच्या गारठ्यातही स्पिन भलतेच लवकर शांत होत होते. निधी देणाऱ्यांनी जाब विचारला. पुस्तक चुकत नाही, सर तर नाहीच नाही. मग उरलं कोण?

ज्योत्स्नाचं डोकं फिरलं. रविवारी येऊन तिने त्याच यंत्रात, त्याच हातांनी स्फटिकाचा नमुना लावला. रीडिंग पुस्तकाबरहुकूम आली. मग काच लावली, तर पुन्हा तेच. सोमवारी कागद घेऊन ती सरांच्या खोलीत गेली.

"यंत्राला हात लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाय." चिडली की तिच्या बोलण्यात तिचं गाव, विंचूर यायचं. "स्फटिक बरोबर येतोय, म्हणजे यंत्र बरोबर, माझा हातही बरोबर. काचच तशी हाय, सर. द्राक्षं पेटीत रचून बसवली की हलत नाय, तसे स्फटिकातले अणू. कांद्याच्या ढिगात मात्र एखादा कांदा कायम अधांतरी असतो, जरा धक्का लागला की या खड्ड्यातून त्या खड्ड्यात. काचेतले अणू तसेच कसेही पडलेत. थंडीतही काही इकडून तिकडं डुलत असतील, अन् स्पिन त्यांनाच आपली ऊर्जा देत असतील."

"वा! पुढचा सेमिनार बाजार समितीत घेऊ," सर हसले. कागद मात्र त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवून घेतला.

आठ महिन्यांनी योगिनी खाली मान घालून आली. हातात छापील शोधनिबंध. तीच रीडिंग, पुरावा म्हणून तोच रविवारचा स्फटिक, आणि दोन जागांमध्ये डुलणारे अणू. दुसऱ्या काचांबद्दल हे कुणी कुणी आधीच मांडलेलं होतं. सरांनी आपल्या पुस्तकाचं पुढचं पान कधी उलटलंच नव्हतं. शेवटच्या ओळीत 'तांत्रिक कर्मचारीवर्गाचे आभार'.

"ताई, मी तुमचं नाव लिहिलं होतं. सरांनी काढलं."

"नावाचं जाऊ दे गं." ज्योत्स्ना तडक सरांकडे गेली. "सर, मेमो मागे घ्या."

"अहो, सर्व्हिस बुकाला लागलाय तो. असं काढता येत नाही. दोन वर्षांत रिटायर व्हाल, कोण बघतंय?"

"मी बघते ना. इथं हलगर्जीपणा अन् तिथं संशोधन? रीडिंग एकच, सर. दोन्हीकडं नाव तुमचंच हाय. एक कागद तरी खोटा हाय."

सर मोबाइल चाळू लागले. इतका शिकलेला माणूस, पण 'चुकलो' एवढे तीन अक्षरी बोल काही त्याला फुटले नाहीत.

ज्योत्स्नाने निबंधाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एकेकीला मेमोची प्रत टाचली आणि ऑफिसात आवक-जावक बघणाऱ्या लखनसमोर ठेवल्या.

"हे काय, ताई?"

"मेमोचा खुलासा. शेखर सरांनीच लिहिलाय."

लखनने मेमोवरची तारीख बघितली, मग निबंधावरची नावं वाचली. "मुदत सात दिवसांची होती, ताई."

"छापून यायला आठ महिने लागले."

लखनने रजिस्टर उघडलं, क्रमांक टाकला आणि दोन्ही प्रतींवर शिक्का मारला. एक तिला दिली. ती पर्समध्ये ठेवून ज्योत्स्ना नायट्रोजन भरायला गेली. योगिनीची आणखी चार रीडिंग बाकी होती.