अळ्या न होणारे पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असे समजा, की तुम्हाला मोठे पोट आहे, पण हात नाहीत. तोंड आहे, पण जीभ नाही. पोटात काय आहे ते तुम्हाला पक्के ठाऊक आहे. समोरून एक लहान मूल रिकामा तांब्या घेऊन तुमच्याकडे येत आहे, आणि तुम्हाला ओरडता येत नाही.

जमले? मग माझी गोष्ट तुम्हाला समजेल. मी एक जुने निळे पिंप आहे.

माझा जन्म साच्यात झाला. वितळलेल्या प्लॅस्टिकमध्ये हवा फुंकली, तसे मी फुगत जाऊन साच्याच्या भिंतींना टेकले. थंड होऊन बाहेर आले तेव्हा माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आपण कुणाच्या तरी चांगल्या कामी येऊ, असे मला वाटले. तारापूरकडच्या एका कारखान्यात माझ्या पोटात पिवळसर, दाट द्रव भरला गेला. पिकावरची कीड मारायचे औषध त्यापासून बनत असे. मला हलवणारी माणसे हातमोजे घालत. माझ्या पोटावर कवटीचे चित्र असलेला कागद होता.

तो द्रव माझ्यात दीड वर्ष राहिला. लोणच्याची प्लॅस्टिकची बरणी कितीही धुतली, तरी तिचा वास जात नाही, हे तुम्ही घरी पाहिले असेल. प्लॅस्टिक पोटातले थोडे थोडे पिऊन ठेवते. मीही प्यायले. शिवाय तळाच्या खाचेत डिंकासारखा एक थर चिकटून बसला.

पुढे मी रिकामे झाले. तो कागद कुणीतरी खरवडून काढला, आणि मी बोईसरच्या एका भंगाराच्या दुकानात येऊन पडले. तिथे माझे तोंड कापून रुंद केले. तिथेच मला सुका भेटला. सुका पालघरच्या पूर्वेकडच्या डोंगरातला. पावसाळ्यात स्वतःची नाचणी पिकवायची आणि उरलेले वर्ष बोईसरला माल चढवायचा, असे त्याचे आयुष्य.

"पाण्याला चालंल ना?" त्याने मला टिचकी मारून विचारले.

"चलेगा? अरे, दौडेगा!" दुकानदार हसला. "साबुन का ड्रम है."

सुकाच्या पाड्यावरची विहीर होळीलाच आटते. मग चार-पाच दिवसांनी टँकर येतो, आणि ज्याच्या घरी मोठे भांडे त्याच्या घरी पाणी. त्यामुळे मी अंगणात उतरले तेव्हा सुकाची अकरा वर्षांची मुलगी तानी आणि तीन वर्षांचा मंगळ्या माझ्याभोवती नाचले. त्यांच्या आईने, बायडीने, मला राखेने घासले, साबणाने घासले, चिंचेच्या पाण्याने घासले आणि तीन दिवस उन्हात पालथे घातले. वास गेला. तिने जीव लावून केलेले ते काम आठवले, की मला आजही वाईट वाटते. कारण वास गेला, पण मी प्यायलेले गेले नाही.

धुवायचे पाणी तिने कुडाजवळच्या दुधीच्या वेलाला घातले. चार दिवसांत वेल करपला. "ऊन लागलं," बायडी म्हणाली.

मग आरोग्यसेविका नलूताई आल्या. त्या दर आठवड्याला बॅटरी घेऊन घरोघरची भांडी तपासत. ज्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसतील ते ओतायला लावत. माझ्यात डोकावून त्या थबकल्या.

"बायडी, साऱ्या पाड्यात अळ्या वळवळतात. तुझ्याकडं एक पण नाय, ते कसं गं?"

"घासते मी रोज. बाकीच्या बसतात बिडी फुंकत!"

कुडापलीकडून शेजारचा जानू ओरडला, "हां, हां! आता सुकाच्या पाण्याला पण काजळाची तीट लावा!"

सगळे हसले. नलूताईंनी दाराच्या चौकटीवर खडूने बरोबरची खूण केली. बायडीने ती खूण मग पुसूच दिली नाही. पिंपाच्या जन्मात असे कौतुक क्वचितच वाट्याला येते, पण मला ते सोसवले नाही. डास माझ्याकडेही येत होते. अंडीही घालत होते. त्यातून निघालेली अळी माझ्या पाण्यात दिवसभरसुद्धा जगत नव्हती. लोक ज्याला स्वच्छता म्हणत होते, ते मरण होते.

त्या महिन्यात बायडीचे डोके दुखायचे. कोंबड्या एकामागून एक माना टाकत होत्या. कुणी माझ्याकडे पाहिले नाही.

चैत्रात टँकर नऊ दिवस आला नाही. माझ्यात ओंजळभर पाणी उरले, तेही उन्हाने तापलेले. मंगळ्याला ताप होता आणि तो पाणी मागत होता. बायडीने मला कलते केले, तळ वाटीने खरवडला आणि ते शेवटचे पाणी तांब्यात घेतले. स्वतः थेंब घेतला नाही. सुकाला दिला नाही. तानीला म्हणाली, "तू मोठी हायस, तू थांब." मंगळ्या घटाघटा प्यायला.

तासाभरात त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. तोंडातून लाळ गळू लागली, अंग घामाने भिजले, हातपाय थरथरू लागले. कुणी म्हणाले ऊन बाधले, कुणी म्हणाले कांदा हुंगवा, कुणी म्हणाले भगताला बोलवा. या बोलण्यात दुपार गेली. शेवटी सुका त्याला रिक्षात घालून पालघरला निघाला आणि अर्ध्या वाटेवरून परत आला. रिक्षातून उतरताना त्याने मंगळ्याला उराशी धरले होते, पण मंगळ्याचे हात त्याच्या गळ्याभोवती नव्हते.

मित्रांनो, इथे थोडे थांबा आणि पुढचे घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा. ज्या पिंपात आधी काय होते हे ठाऊक नाही, ते पिंप पाण्याला, धान्याला, कोंबड्यांच्या खाण्यालाही घेऊ नका. वास येत नाही म्हणजे ते चांगले आहे, असे समजू नका. औषधाचे पिंप धुऊन शुद्ध होत नाही, मग धुणारे हात कितीही मायेचे असोत. आणि कुणाला अशी लाळ सुटली, थरथर सुटली, तर घरगुती उपाय करत बसू नका, बोटे घालून ओकायला लावू नका. तडक दवाखान्यात न्या आणि पोटात काय गेले असेल ते डॉक्टरांना सांगा. मंगळ्याच्या वेळी सांगणारे कुणी नव्हते. ज्याला ठाऊक होते, ते अंगणात उभे होते.

वैशाखात जानूच्या मुलीचे लग्न ठरले. पाड्यात लग्न असले, की घरोघरची पिंपे मांडवात जातात आणि टँकरचे पाणी त्यांत भरून ठेवतात. जानू आदल्या दिवशी आला. आता तो चेष्टा करत नव्हता.

"सुका, तुझा डरम पिण्याच्या पाण्याला ठेवीन म्हणतो. साऱ्यात चोखट तोच हाय."

"ने," सुका म्हणाला. "उद्या दुपारला पोरं पाठव."

दोनशे माणसे जेवणार होती. त्यांत लेकुरवाळ्या बाया होत्या, मंगळ्याएवढी कितीतरी पोरे होती. मी नुसते ऐकत उभे होते.

लग्नाच्या सकाळी तानी शाळेच्या टाकीतले दहा गप्पी मासे बाटलीतून घेऊन आली. नलूताईंनी शाळेत सांगितले होते, की हे मासे अळ्या खातात. लग्नाचे पाणी चांगले राहावे, एवढाच तिचा हेतू. तिने नुकत्याच आलेल्या टँकरचे दोन हंडे माझ्यात ओतले, एक मडक्यात ओतला, पाच मासे इकडे सोडले आणि पाच तिकडे.

जेवणवेळेला ती बघायला आली. माझ्यातले पाचही मासे पोट वर करून तरंगत होते. ती मडक्याकडे धावली. तिथे पाचही शेपट्या हलवत होते.

"आय! मडक्यातले जिते हायत, डरमातले मेले. पाणी तर एकाच टँकरचं!"

सुका ओट्यावरून म्हणाला, "उन्हानं मेले असतील. मासा तो, किती जगंल?"

"मडकं पण उन्हातच हाय, बाबा."

बायडी उठून आली. तिने माझ्यात पाहिले, मडक्यात पाहिले, पुन्हा माझ्यात पाहिले. मग ती मातीत बसली.

"तळाचं पाणी," ती हळूच म्हणाली. "मीच दिलं त्याला. माझ्या हातानं."

तेवढ्यात जानू दोन पोरांना घेऊन अंगणात आला.

"चला रे, उचला. पाहुणे तहानलेत."

"नका नेऊ, जानूकाका," तानी म्हणाली. "ह्यातलं पाणी मारतं."

"शुभ दिवशी काय बोलतेस, पोरी? सुका, शब्द दिलायस तू!"

सुका खाली बघत राहिला. तो शब्द मोडणारा माणूस नव्हता. शिवाय आपल्या मुलाला आपणच आणलेल्या वस्तूने मारले, हे भर अंगणात कबूल करायला लागणारे बळ त्याच्यात त्या घडीला नव्हते. पोरांनी माझ्या कडेला हात घातला.

तानी पळत घरामागे गेली आणि बापाची पहार ओढत घेऊन आली. पहार तिच्याहून उंच होती. पोरे हात काढून मागे सरली. तानीने दोन्ही हातांनी पहार उचलली आणि माझ्या बुडाशी घातली. पहिला घाव निसटला. दुसऱ्याने चरा पडला. तिसऱ्या घावाला मी डगमगून एका अंगावर कलंडू लागले, तेव्हा बायडी मातीतून उठली. तिने दोन्ही हातांनी माझी कड धरली आणि मला घट्ट उभे ठेवले.

"मार," ती म्हणाली.

चौथ्या घावाला माझे बूड फुटले. पाणी अंगणात पसरले आणि त्याबरोबर ते पाच मासेही. मित्रांनो, तुमच्या वस्तू जपा, असे सगळ्या वस्तू तुम्हाला सांगतात. मला मात्र तेव्हा एकच भीती वाटत होती, की एवढे भोक कुणीतरी डांबर लावून बुजवेल.

तानीलाही तसेच वाटले असावे. तिने कपाळावरचा घाम पुसला, पाऊल मागे घेतले आणि पहार पुन्हा उचलली.