लंगडी टिकटिक

"चहाच्या आधी चावी द्यायची, धाकट्या. रोज. आणि बोटाला जरा अडल्यासारखं वाटलं की थांबायचं. पुढे रेटायचं नाही."

मित्रांनो, हा आवाज ताईचा. मला पट्ट्यासकट तळहातावर ठेवून ती आपल्या धाकट्या भावाला समजावत होती आणि मी निमूटपणे ऐकत होतो. मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. चावीचे. रोज कुणी चिमटीत धरून चावी दिली तर चालावे, नाही दिली तर थांबावे, एवढाच माझा धर्म. आज मात्र पोटात चावी भरलेली असूनही मी थांबलेलो आहे. असे का झाले, ते सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांब टेबलापाशी ओळीने बसलेल्या बायका डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून आमच्या पोटात चाके बसवत. सगळ्यांत शेवटी बसते ते बॅलन्स नावाचे चाक. शर्टाच्या बटणाएवढे, केसासारख्या बारीक स्प्रिंगवर पुढेमागे झुलणारे. ते झुलू लागले की घड्याळात जीव येतो. माझ्यात जीव आला तेव्हा ती बाई स्वतःशीच म्हणाली, "लागला बाई श्वास!" आणि मला बाजूला सरकवून तिने लगेच दुसरे हातात घेतले. बघा, जन्मल्या क्षणापासून माझ्या वाट्याला कुणीतरी दुसरे आहेच.

ताई दुकानात आली तेव्हा ती नुकतीच परिचारिका झाली होती. दुकानदार सोनेरी, नाजूक, मिरवणारी घड्याळे पुढे करत होता. ताई मान हलवत होती. "नाडी मोजायचीय हो मला. सेकंदकाटा ठसठशीत दिसला पाहिजे. चेहरा कसाही चालेल." माझा सेकंदकाटा लाल आहे. तिने मला उचलले. 'चेहरा कसाही चालेल' हे मला थोडे लागले, पण त्या सोनेरी मंडळींचे उतरलेले चेहरे पाहून मनातून गुदगुल्याही झाल्या.

मग सुरू झाली माझी उमेदीची वर्षे. ताईची दोन बोटे आजारी माणसाच्या मनगटावर आणि नजर माझ्या लाल काट्यावर. एका बाजूला त्या माणसाचे काळीज, दुसऱ्या बाजूला माझे, आणि मधे ताई ओठ हलवत मोजणारी. एकदा खाटेवरून घसरणाऱ्या म्हातारबांना सावरताना पट्ट्याची पिन निसटली आणि मी फरशीवर आपटलो. काचेला तडा गेला, ती बदलता आली. पण माझ्या चालीत एक खोड कायमची राहिली. एक पाऊल लांब, एक आखूड. टिक... टिक-टिक... टिक. वेळ मात्र चुकली नाही. कुणी हसले की ताई म्हणायची, "लंगडतं, पण वेळेवर पोचतं. आपल्या वॉर्डात असं म्हणण्याजोगी माणसं किती आहेत, सांगा बरं!"

पुढे तिची बदली नवजात बाळांच्या वॉर्डात झाली. तिथे कोपरापर्यंत हात धुवायचे, मनगटावर काही घालायचे नाही. त्याच सुमारास धाकट्याने चित्रांना चौकटी करून देण्याचे दुकान काढले. ताईने मला त्याच्या हाती दिले, चावीचा धडा दिला, आणि वर म्हणाली, "मी हे टाकलेलं नाही हं. नोकरी संपली की कधीतरी परत मागेन. चालू हवं."

"चालूच देईन, ताई. शब्द दिला."

धाकट्याने नेम पाळला, हे मी खोटे कशाला बोलू? सकाळी कुणी देवाचे नाव घेते, तसे तो आधी मला हातात घेई. आठ-दहा फेरे, बोटाला अडले की थांबायचे, मग चहा. काच कापताना, चौकटींच्या लाकडी पट्ट्या जोडताना मी त्याच्या मनगटावर असे. त्याच्या दुकानात लाकडाच्या भुशाचा आणि सरसाचा वास. माझ्या पट्ट्यालाही तोच वास लागला. मी सुखात होतो. एकट्याचे राज्य होते ना!

मग एका रविवारी तो जुन्या बाजारात गेला. फूटपाथवर चादर पसरून एक माणूस जुनी घड्याळे विकत होता. कुणाची काच फुटलेली, कुणाचा काटा हरवलेला. धाकट्याने एक चौकोनी घड्याळ उचलले. चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळाले. घरी येऊन त्याने काच घासून चमकवली, नवा पट्टा चढवला आणि आपल्या बायकोला, म्हणजे वहिनींना, दाखवले. त्या म्हणाल्या, "छान आहे. चौकट करणाऱ्याला चौकोनीच सापडायचं!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या मनगटावर चौकोनी होते आणि मी टेबलावर.

मित्रांनो, माझे पोट ते केवढे, पण त्यात केवढे दुखले! मी मनाची समजूत घातली की पाहुणे आहे, जाईल. पण पाठोपाठ तारखेचे आले. त्याच्या तबकडीवर इवलीशी खिडकी, त्यात रोज नवा आकडा. मग एक चपटे, मग एक बिनआकड्यांचे. दर रविवारी माझ्या छातीत धस्स व्हायचे. धाकट्याने दुकानातल्या उरलेल्या पट्ट्या आणि मखमल वापरून एक सुरेख डबा केला, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा. मधला कप्पा सर्वांत नव्याला. मला कोपऱ्यातला, बिजागरीजवळचा, जिथे झाकण उघडल्यावरही सावली पडते.

त्या कोपऱ्यातून मी प्रत्येकाची कुंडली मांडायचो. चौकोनी मागे पडते. तारखेचे महिनाअखेरीला गोंधळते. चपट्याचा आवाज म्हणजे डास. मी लंगडतो, पण पोचतो! हे कुणी ऐकत नव्हते. चावी आता फक्त त्या दिवशी घालायच्या घड्याळाला मिळायची. माझी पाळी महिन्याकाठी, पुढे सणासुदीलाही नाही. एकटे असण्यापेक्षा गर्दीत विसरले जाणे वाईट, हे मी त्या डब्यात शिकलो.

माझ्यासारखेच दुखणे असलेले घरात आणखी एक माणूस होते. वहिनी. एकदा शेजारणीला सांगताना ऐकले, "एकेक सवत आणतोय घरी. पट्टे नवे त्यांना, पॉलिश त्यांना, आणि माझी चप्पल तीच. आणि एवढी घड्याळं असून हा माणूस एक दिवस वेळेवर जेवायला आला असेल तर शपथ!"

मला वहिनी फार जवळच्या वाटल्या.

आणि मग निळी आली.

तिची तबकडी संध्याकाळच्या आभाळासारखी गडद निळी. काटे रुपेरी, कुठे ओरखडा नाही. धाकटा तिला हातात घेऊन खिडकीपाशी बराच वेळ उभा राहिला. एवढा वेळ तो माझ्यासाठी कधी उभा राहिला होता? पण निळी बंद होती. चावी दिली तरी हूं की चूं नाही. मला झालेला आनंद काय वर्णावा! रूप आहे, जीव नाही. बस आता मखमलीवर, म्हटले.

धाकटा तिला घेऊन घड्याळजींकडे निघाला, आणि जाताना कोण जाणे कसे, त्याने मलाही खिशात टाकले. मला वाटले, माझेही दिवस फिरले. तेल-पाणी होणार!

घड्याळजींनी निळीचे पोट उघडले, भिंगातून पाहिले आणि चुकचुकले. "बॅलन्स गेलाय. आस मोडलाय त्याचा. या मशीनचे सुटे भाग आता येत नाहीत. मिळाला तर मिळाला, वाट बघावी लागेल." मग त्यांची नजर माझ्यावर पडली. "हे दाखवा बरं." त्यांनी दोन फेरे चावी देऊन मला चालू केले आणि उघडले. "अरे वा, ही तर एकाच मशीनची भावंडं! यातला काढून त्यात घालू. आत्ता चालू होईल."

"पण हे ताईचं आहे," धाकटा म्हणाला.

"ताई घालतात का?"

"नाही. मी सांभाळतो."

"तुम्ही घालता?"

माझ्या काचेवर साचलेली धूळ धाकट्याने अंगठ्याने पुसली. मी जिवाच्या आकांताने टिकटिकत होतो. मनगटावर नाही तर नाही, कोपऱ्यात राहीन, पण राहू दे!

"दुसरा मिळाला की परत बसवता येईल ना?"

"मिळाला की बसवू."

"मग घाला," धाकटा म्हणाला.

चिमटा गार होता. दुखले नाही. एवढेच झाले की मी टिक म्हणालो आणि पुढचे टिक माझे नव्हते. ते निळीच्या पोटातून आले. टिक... टिक-टिक... टिक. माझी चाल, माझे लंगडणे, ताईच्या वॉर्डात फरशीवर पडून कमावलेले! आणि धाकटा निळीला कानाशी धरून हसत होता.

मित्रांनो, मत्सर कशाला म्हणतात ते त्या दिवशी मला कळले. आधीचा नुसता रुसवा होता. दुसऱ्याच्या छातीत आपले काळीज वाजताना ऐकायचे, आणि त्या आवाजाचे कौतुक दुसऱ्याचे व्हायचे! रोज संध्याकाळी धाकटा तिला मधल्या कप्प्यात ठेवी, आणि मी जळत पडून राही. एकदा तीच हळूच म्हणाली, "हे तुझं आहे, मला ठाऊक आहे. पण चालायला किती छान वाटतं रे. मी कितीतरी वर्षं एका ड्रॉवरमध्ये बंद होते." छान वाटणारच, चाल माझी आहे ना, असे मी मनातल्या मनात पुटपुटलो.

परवा ताई आली. नोकरी संपून तिला आता बराच काळ झाला आहे. केस पांढरे, पण चाल तीच, वॉर्डात फेरी मारल्यासारखी. जेवणे झाली. डबा टेबलावर उघडा होता, पण मी सावलीत.

"धाकट्या, एक मागायचं होतं," ती म्हणाली. "आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजोबांचं काळीज जरा वेडंवाकडं चालतं. त्यांची सून रोज मला नाडी बघायला बोलावते. मोबाइलवर मोजते, पण ते आकडे नुसते उड्या मारतात. मला माझा लाल काटा हवा रे. देशील?"

"देईन की," धाकटा म्हणाला.

"आण इकडे हात. तुझीच बघते आधी. चेहरा असा का उतरलाय?" तिने सवयीने त्याचे मनगट धरले, दुसऱ्या हाताने निळीला आपल्याकडे वळवले आणि मोजू लागली. मोजता मोजता थांबली. मान वाकवून तिने निळीला कान लावला.

खोलीत फक्त माझी लंगडी टिकटिक ऐकू येत होती, दुसऱ्याच्या अंगातून.

"हे लंगडतंय," ताई म्हणाली.

वहिनी हातातली थाळी घेऊन तशाच उभ्या राहिल्या. धाकट्याने मान खाली घातली.

"उशाशी ठेवून झोपायचे मी याला," ताई हळूच म्हणाली. "झोपेतसुद्धा ओळखेन." मग तिने त्याचे मनगट सोडले नाही, नुसते थोपटले. "तुझी नाडी फार पळतेय. पाणी पी." ती रागावली असती तर बरे झाले असते, असे धाकट्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

"ताई, चालू करून आणून देतो. शब्द दिला होता."

"सावकाश आण. आजोबांना मी तोवर मोबाइलवर सांभाळते."

ती गेल्यावर वहिनी एवढेच म्हणाल्या, "मी सवती म्हणायचे ते थट्टेनं. पण अहो, एकीचा जीव काढून दुसरीला द्यायचा?"

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादे जुने काही असेल. एखादी शिलाई मशीन, एखादा कंदील, एखादे घड्याळ. नवे जरूर आणा, त्याचे लाड करा. पण जुन्याला कधीतरी हातात घ्या, पुसा, एक चावी द्या. आणि ते कुणी विश्वासाने सोपवलेले असेल, तर तो विश्वास आठवा. नेम मोडायला एकच सकाळ लागते.

आज सकाळी धाकटा लवकर उठला. डब्याशी आला आणि सवयीने त्याची बोटे माझ्या चावीवर गेली, कितीतरी दिवसांनी. आठ-दहा फेरे. बोटाला अडले, तो थांबला. माझ्या पोटात पुरी ताकद भरली, पण झुलायला चाक नव्हते. मग मनगटावरून त्याने निळी उतरवली आणि आम्हा दोघांना एकाच रुमालात बांधले.

"निळी बंद पडेल ना हो?" वहिनींनी विचारले.

"पडेल. तिच्यासाठी शोधत राहीन. बाजार काही संपलेला नाही."

रुमालात आम्ही तोंडाला तोंड लावून पडलो आहोत. तिच्या पोटात माझी टिकटिक चालू आहे. या क्षणाची मी किती वाट पाहिली होती! आणि आता ती विचारते आहे, "काढताना दुखतं का रे?"

"नाही," मी म्हणालो. "जरा गार वाटतं, एवढंच." आणि मग, का कोण जाणे, आणखी एक वाक्य तोंडून निघून गेले. "तो शोधेल. चावीचा नेम त्याला ताईनं शिकवलाय."

"अहो, चहा ठेवलाय," स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला.

"आल्यावर," धाकटा म्हणाला. त्याने चपला पायात सरकवल्या, रुमाल शर्टाच्या वरच्या खिशात, छातीशी ठेवला, आणि दार आवाज न करता ओढून घेतले.